पहिलीच्या वर्षात मूल नेमकं काय शिकतं? दिवाळीनंतर धास्तावलेल्या एका आईला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा इंदिरानगरमधल्या मराठी शाळेत जूनपासून पहिलीत जातोय. दिवाळीत मावसभाऊ राहायला आला होता, तोही पहिलीतच, पण इंग्रजी माध्यमात. तो शंभरापर्यंत आकडे लिहितो, पाढे म्हणतो, स्पेलिंगं धडाधड सांगतो. तुमच्या मुलाची बाराखडी अजून पूर्ण नाही, पंचवीस सांगितले की तो ५२ लिहितो, 'ध' आणि 'घ' मध्ये गडबडतो. शाळेत काय केलं विचारलं की उत्तर येतं, "गोष्ट ऐकली, गाणं म्हटलं, खेळलो." आता शिकवणी लावू की शाळाच बदलू, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिक जिल्ह्यात बरीच वर्षं पहिलीचा वर्ग घेत आले आहे, आधी तालुक्याच्या गावांत आणि नंतर शहरात. सहामाही संपली की पालक हीच काळजी घेऊन येतात. काळजी खरी असते, पण ती चुकीच्या गोष्टी मोजून आलेली असते. मूल किती मागे आहे हे ठरवायच्या आधी, पहिलीत शिकायचं काय असतं हे स्पष्ट व्हायला हवं.

पहिली म्हणजे अक्षरं आणि आकडे पाठ करायचं वर्ष, अशी आपली समजूत असते. मी मुलाला किती येतं हे नंतर बघते. जे येतं त्याचं ते काय करतं, हे आधी बघते. बारा-पंधरा अक्षरं येणारं मूल तेवढ्या अक्षरांतून कधी न पाहिलेला शब्द वाचत असेल, तर त्याचं काम नीट चाललंय. आणि सगळी मुळाक्षरं घडाघड म्हणणारं मूल 'मका' समोर ठेवल्यावर "म, क ला काना का" एवढं बोलून गप्प होत असेल, तर त्याला वाचन अजून आलेलं नाही. कागदावरच्या खुणांमधून आपलंच बोलणं ऐकू येतं, आकड्यामागे खरोखरच्या वस्तू असतात, हे मुलाच्या मनात बसणं, हे या वर्षाचं मुख्य शिकणं.

सरकारी अपेक्षाही पालकांना वाटते त्यापेक्षा साधी आहे. लहान वर्गांतल्या मुलांना वाचन आणि अंकज्ञान यावं म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. त्यात पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं न पाहिलेल्या मजकुरातून वाचावीत, ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात आणि सोपी बेरीज-वजाबाकी करावी, असं म्हटलंय. हे वर्षअखेरचं आहे. तुम्ही आत्ता जेमतेम मध्यावर आहात. पाढ्यांचा त्यात उल्लेख नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून असतं तेही सांगते, कारण तुमच्या मुलाबद्दल मला तीन गोष्टी माहीत नाहीत आणि त्यांनी बराच फरक पडतो.

पहिली, जन्ममहिना. आपल्या राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल जूनमध्ये साडेपाच वर्षांचंच असतं, आणि त्याच्या बाकावर शेजारी साडेसहा वर्षांचं मूल असू शकतं. केंद्रीय विद्यालयात हीच अट ३१ मार्चला सहा पूर्ण अशी आहे. मोठ्या माणसांत वर्षभराचं अंतर काहीच नाही, पण साडेपाच वर्षांच्या बोटांना ते फार असतं. दोन्ही मुलांच्या जन्मतारखा एकदा शेजारी लिहून बघा.

दुसरी, आधीची बालवाडी किंवा अंगणवाडी कशी होती. बोलायला, ऐकायला, मातीत हात घालायला मिळालं असेल तर मूल लवकर रुळतं. नुसतं गिरवून घेतलं असेल तर पेन्सिल धरता येते, पण बोलायला तोंड उघडत नाही.

तिसरी, घरची बोली. बागलाण, कळवण, मालेगावकडून आलेल्या अनेक घरांत अहिराणी बोलतात. सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीत हिंदी, भोजपुरी असते. 'मनी वही' म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकातलं 'माझी वही' आधी ऐकून ओळखीचं करून घ्यावं लागतं. त्याची बोली बरोबरच असते. त्याला दुसरी भाषा शिकायला वेळ लागतो, आणि तो दिला की अडत नाही. तुमच्या घरी यातलं काही असेल तर वर्गशिक्षिकेला जरूर सांगा.

आता बाराखडी. 'अ' ते 'ज्ञ' आणि मग क, का, कि, की, असा क्रम आपण शिकलो. आता बहुतेक वर्गांत तसं होत नाही. थोडी अक्षरं आणि एक-दोन मात्रा असा गट घेतात, त्याचे लगेच शब्द करतात, मग पुढचा गट. म, क, ल, न आणि काना एवढंच आलं तरी मका, माल, कान, नाक, काका, मामा, लाल, कमान असे कितीतरी शब्द तयार होतात. मुलाला पहिल्याच महिन्यात कळतं की हे चिन्ह वाचलं की आपल्या ओळखीचं काहीतरी बाहेर येतं. म्हणून "बाराखडी झाली का" असं विचारू नका. "कोणते अक्षरगट झाले" असं शाळेत विचारा, आणि तेवढ्याच अक्षरांचे नवे शब्द घरी लिहून त्याला वाचायला द्या.

वाचन नेमकं कुठे अडतं ते गावांच्या नावांवरून सांगते, कारण मी वर्गात तीच वापरते. नाशिकच्या सीबीएसवर किंवा ठक्कर बाजारच्या बसस्थानकावर मुलाला घेऊन उभं राहा आणि एसटीच्या पाट्या बघा. 'कळवण' ला एकही मात्रा नाही, चार सुटी अक्षरं. 'मनमाड' मध्ये एकच काना. 'सटाणा' मध्ये दोन. 'येवला', 'देवळा' मध्ये एक मात्रा आणि काना. 'निफाड' मध्ये पहिली वेलांटी येते, आणि इथे मुलं अडखळतात, कारण वेलांटी लिहिलेली असते 'न' च्या आधी आणि बोलायची असते नंतर. 'दिंडोरी' त वेलांट्या, अनुस्वार, ओकार सगळं एकत्र. 'सिन्नर' ला जोडाक्षर. आणि 'त्र्यंबकेश्वर' पहिलीच्या मुलाने वाचलं तर ते त्याने चित्रासारखं लक्षात ठेवलंय असं समजा. दुसरी-तिसरीच्या मुलालाही ते जड जातं.

यातल्या 'कळवण' पाशी जरा थांबा. ते सगळ्यात सोपं दिसतं, पण मूल पहिल्यांदा वाचतं ते क... ळ... व... ण, प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारून. आपण बोलताना 'ळ' आणि 'ण' मधला 'अ' गिळतो. हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. मग ज्या मुलाने 'कळवण' हे नाव ऐकलेलं असतं, ते दोन-तीनदा पुटपुटतं आणि एकदम चेहरा उजळतो, "कळवण! मामाचं गाव!" ज्याने ऐकलेलं नसतं, ते चारही अक्षरं बरोबर ओळखूनही तिथेच राहतं. अक्षर ओळखणं आणि शब्द आधी कानावरून गेलेला असणं, दोन्ही एकत्र आले तरच वाचन होतं.

शाळेत गोष्टी आणि गाणी का, याचं उत्तर यातच आहे. गोष्ट ऐकताना मुलाच्या कानात शब्दांचा साठा होतो. गाण्यात 'चिऊ' ला 'मऊ' जुळतं तेव्हा शब्दाचे तुकडे पडतात हे त्याला कळतं. 'मगर' मधला पहिला आवाज कोणता, 'कपाट' मधून 'क' काढला तर काय उरतं, हे खेळ तोंडी खेळून झालेलं मूल अक्षरं झपाट्याने जोडतं. ज्या वर्गात हे न करता जूनपासून पाटी भरून घेतात, तिथे मार्चमध्ये पाठांतर दिसतं आणि दुसरीत मुलं वाचताना अडतात. दुसरीच्या बाई मग पहिलीच्या बाईंना दोष देतात, हे मी फार पाहिलंय. त्यामुळे तुमचा मुलगा "गोष्ट ऐकली" म्हणतो तेव्हा त्याला विचारा, "कोणती? मला सांग." त्याने ती सुरुवात-मध्य-शेवट अशी सांगितली, तर शाळेत अभ्यास झालाय.

'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' यांची गल्लत, उलटं काढलेलं 'उ' किंवा '३', हे सगळं या वयात सर्रास दिसतं. मुलाला आतापर्यंतच्या आयुष्यात वाटी उलटी धरली तरी वाटीच, पाठमोरी आई म्हणजे आईच, असा अनुभव आहे. दिशा बदलली की वस्तू बदलते, हा नियम फक्त अक्षरांना लागू होतो आणि तो अंगवळणी पडायला वेळ लागतो. सारखी दिसणारी दोन अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नयेत. 'घ' घरातला पक्का झाल्यावर मग धनुष्यातला 'ध' आणावा. खोडरबर हिसकावून "परत लिही" म्हणण्याचा काही उपयोग नाही. दुसरी संपत आली तरी अक्षरं उलटी पडत असतील तर मात्र बघायला हवं.

लिहिणं बोटांच्या ताकदीवरही असतं. दोन ओळी लिहून हात दुखतो म्हणणारं मूल आळशी आहे असं समजू नका. मटार सोलणं, मेथी निवडणं, कणकेच्या गोळ्या करणं, गव्हातले खडे वेचणं, यातून अंगठा आणि तर्जनीची चिमूट तयार होते, आणि पेन्सिल त्याच चिमटीत धरायची असते. रोज पंधरा मिनिटं स्वयंपाकघरात तुमच्या शेजारी बसला तरी दोन महिन्यांत अक्षर सुधारलेलं दिसेल.

आता पंचवीसचे ५२. 'पंचवीस' म्हटलं की कानावर आधी पाच येतात, मग वीस. मूल ऐकलं त्या क्रमाने लिहितं, आधी ५, मग २. म्हणजे त्याने नीट ऐकलंय! मराठीत अकरापासून पुढे जवळपास सगळीकडे एकक आधी बोलतात आणि दशक आधी लिहितात. इंग्रजीत विसाच्या पुढे 'ट्वेंटी फाइव्ह' हा बोलण्याचा क्रम लिहिण्याशी जुळतो. त्यामुळे मावसभावाला जो अडथळा आलाच नाही, तो तुमचा मुलगा पार करतोय. त्यात एका दोनाची रूपं बघा: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर. शिवाय एकोणतीस बोलताना तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात २९. एकोणनव्वद म्हणायचं, पण शंभराच्या आधी मात्र नव्याण्णव.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा वाद झाला ते आठवत असेल. त्या गदारोळात मुलांची अडचण खरी आहे, हे बोलायचंच राहिलं. मी वर्गात सुरुवातीला दोन्ही चालू देते. दहा काड्यांचा गठ्ठा बांधायचा, दोन गठ्ठे आणि पाच सुट्या, "दोन दहा आणि पाच, म्हणजे पंचवीस". गठ्ठे डावीकडे, सुट्या उजवीकडे, आणि त्यांच्याखाली आकडे. काही आठवड्यांत 'वीस पाच' गळून पडतं आणि पंचवीस राहतं. ते राहायलाच हवं, कारण बाजारात भाजीवाल्या मावशी पंचवीसच म्हणणार.

घरी हे नोटांनी करा. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि आपल्याच गावातल्या मुलांना दहाची नोट हातात घेऊन मोजायला मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं. ऑनलाइन पैसे द्यायला लागल्यापासून तर नाहीच. दोन दहाच्या नोटा आणि एकेक रुपयाची पाच नाणी समोर ठेवा आणि दुकानातून काहीतरी त्यालाच आणू द्या. जानेवारीनंतर द्राक्षं आली की घडाचे मणी दहा-दहा करून वाट्यांत घालायचे, आधी अंदाज करायचा आणि मग मोजायचे. शंभरापर्यंत नुसतं लिहून काढणारं मूल अनेकदा "सदतीस मोठे की त्र्याहत्तर" यावर गोंधळतं. एकदा मावसभावाला आणि तुमच्या मुलाला दोघांनाही मूठभर शेंगा मोजायला द्या. मोजून झाल्यावर शेंगा पसरून ठेवा आणि विचारा, "आता किती?" परत पहिल्यापासून न मोजता जो तेवढ्याच आहेत म्हणतो, त्याला संख्या कळली. पाढे म्हणायला हरकत नाही, मुलांना लय आवडते. पण बे त्रिक सहा म्हणजे दोनाच्या तीन जोड्या हे हातांनी करून झाल्यावर.

इंग्रजीबद्दल फार लिहीत नाही. मराठी शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. या वर्षी ते ऐकायचं, गाण्यातून बोलायचं, सोप्या सूचना समजायच्या. एका भाषेत वाचन पक्कं झालं की दुसऱ्या लिपीत ते वेगाने येतं, त्यामुळे स्पेलिंगांच्या मागे आत्ता लागू नका.

जे मोजायचं कुणाच्या लक्षातच येत नाही, ते सांगते. जूनमध्ये डब्याचं झाकण उघडत नाही म्हणून रडणारं मूल आता स्वतः डबा उघडतं, खातं, बंद करून दप्तरात ठेवतं का? शू लागली हे बाईंना सांगतं का? आपली पाळी येईपर्यंत थांबतं का? "वही काढा, तारीख लिहा आणि चित्र रंगवा" अशा तीन सूचना एकदम दिल्या तर लक्षात ठेवतं का? तीस मुलांत बसून एका माणसाचं बोलणं ऐकणं हे सहा वर्षांच्या मुलासाठी मोठं काम आहे. वर्गातली जी मुलं हे पहिल्या सत्रात शिकली, ती दुसऱ्या सत्रात अभ्यासात आपोआप वेग घेतात. त्याने केलेली ही प्रगती त्याला बोलून दाखवा. "मावसभावाला बघ" हे वाक्य मात्र घरात पुन्हा नको. अभ्यास म्हणजे आपण कमी पडतो ती जागा, असं या वयात बसलं की ते काढायला फार कष्ट पडतात.

शिकवणीचं विचारलंत. माझं मत, पहिलीत लावू नका. मूल पाच तास शाळेत बसून आलेलं असतं. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नको, असंच म्हटलंय. शिकवणीत बहुतेक वेळा गिरवणं आणि पाठांतर होतं, म्हणजे जे कमी महत्त्वाचं तेच आणखी. त्याऐवजी घरी रोज वीस मिनिटं पुरतात. तुम्ही त्याला पुस्तक वाचून दाखवायचं, बोट शब्दाखालून फिरवत. त्याने चार-पाच नवे शब्द वाचायचे. आणि त्याला मनाने एक ओळ लिहू द्यायची. ऱ्हस्व-दीर्घ चुकू दे, 'मि शाळेत गेलो' लिहिलं तरी आधी वाचून आनंदाने हसा. दोघेही नोकरीवर असाल आणि संध्याकाळी वेळच नसेल, तर आजी-आजोबांनी गोष्ट सांगितली तरी चालते. घरी कुणीच नसेल तर शिकवणी लावणं समजू शकते, पण तिथे मुलांना बोलू देतात का हे आधी बघून या.

शाळा बदलायचं इतक्यात मनात आणू नका. आधी बाईंना भेटा. "तो कसा आहे" विचारलं की "बरा आहे" एवढंच उत्तर मिळतं. असं विचारा: तो वर्गात आपणहून बोलतो का? शिकवलेल्या अक्षरांतून न शिकवलेला शब्द वाचतो का? कुठे अडतो? बाईंना याची उत्तरं मुलाचं नाव घेऊन, उदाहरण देऊन देता आली, तर तो चांगल्या हातात आहे. वर्गात साठ मुलं असतील, बाईंना मूलच ओळखू येत नसेल, किंवा मारझोड होत असेल, तर शाळा बदलण्याचा विचार योग्य. मावसभावाच्या स्पेलिंगांसाठी नको.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र वाट बघू नका. मागून हाक मारली तर वळत नाही, टीव्हीचा आवाज सारखा वाढवतो, फळ्यावरचं बघताना डोळे बारीक करतो किंवा वही नाकाला लावतो, सोप्या दोन सूचनाही पाळता येत नाहीत, बोलणं घराबाहेरच्यांना समजत नाही. अशा वेळी आधी कान आणि डोळे तपासून घ्या, जिल्हा रुग्णालयातही ते होतं. सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं, तेव्हा बाईंना आधी सांगून ठेवलं तर मुलाकडे नीट लक्ष देतात. वर्गात 'लक्ष नसलेली' म्हणून मागे बसवलेली काही मुलं माझ्या पाहण्यात अशी निघाली की त्यांना फळाच दिसत नव्हता. चष्मा लागला आणि महिन्याभरात ती वाचू लागली.

हे सगळं ठीक असेल तर फेब्रुवारीच्या अखेरीस घरीच एकदा बघा. त्याला येणाऱ्या अक्षरांतली दोन-तीन छोटी, त्याने न पाहिलेली वाक्यं लिहा, जसं 'काका मका खातात'. त्याने सावकाश का होईना, वाचलं आणि "कोण मका खातं?" या प्रश्नाला उत्तर दिलं, तर दुसरीत निश्चिंत पाठवा. अक्षरं ओळखतो पण जोडता येत नाहीत असं दिसलं, तर त्याच आठवड्यात बाईंना भेटून कोणत्या गटापासून मागे पडलाय ते विचारा आणि तिथून पुन्हा सुरू करा. मार्च-एप्रिलचे दोन महिने हातात असतात आणि त्याला तेवढे पुरतात. तेव्हा काही अडलं तर इथेच लिहा. त्याचा जन्ममहिना आणि कोणते अक्षरगट झालेत तेवढं मात्र सोबत कळवा, म्हणजे नेमकं सांगता येईल.